लिनिया टी-जेट: रांजणगावची पळणारी सेडान मागे का राहिली

ज्यांचा डेटा संपलाय किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे नेहमीसारखं लिहून काढलेलं रूप. बोलताना आलेले पन्नासेक ‘म्हणजे’ मी काढून टाकलेत. काही राहिले असतील, सांभाळून घ्या.

आजचा प्रश्न बरेच जण विचारतात. एखाद्या कंपनीची सेडान विकली जात नाहीये. गाडी वाईट नाही, पण शोरूममध्ये धूळ खातेय. अशा वेळी तिच्यात जोरदार इंजिन टाकून, मोठी चाकं लावून, मागे एक बॅज चिकटवून तिला सावरता येतं का? परदेशातले व्हिडिओ बघितले की वाटतं, येतंच. आपल्याकडे काय झालं ते बघायला मात्र फार लांब जायला नको. पुणे-नगर रस्त्यावर, रांजणगावच्या एमआयडीसीत हा प्रयोग एकाच गाडीवर तीन वेळा झाला. गाडीचं नाव फियाट लिनिया.

मी नेकनूरचा. आमच्याकडून पुण्याला निघालं की मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड, नगर, शिरूर आणि मग रांजणगाव. महागणपतीला गाडीतूनच हात जोडायचे आणि पुढं कारखान्यांच्या रांगा बघत बसायचं. आमच्या भागातली आयटीआय झालेली कितीतरी पोरं याच पट्ट्यात कामाला आहेत. त्यामुळे एखादी गाडी चालली की नाही हा आमच्यासाठी नुसत्या गप्पांचा विषय नसतो. कुणाच्या तरी घरचा हप्ता त्यावर असतो.

तर लिनिया भारतात आली २००९ च्या सुरुवातीला. फियाट आणि टाटा यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत रांजणगावचा कारखाना उभा केला होता, तिथं ती बनायची. साडेचार मीटरपेक्षा लांब, दिसायला देखणी, दार लावलं की ‘धप्प’ असा भारदस्त आवाज. स्टिअरिंग हायड्रॉलिक, खराब रस्त्यावर सस्पेन्शन कुरकुर न करणारं. ज्यांनी चालवली ते आजही तिच्याबद्दल प्रेमाने बोलतात.

अडचण बॉनेटखाली होती. पेट्रोल लिनियाला १३६८ सीसीचं फियाटचं ‘फायर’ घराण्यातलं इंजिन दिलं होतं. ताकद ९० पीएस, टॉर्क ११५ एनएम. गाडीचं वजन बाराशे किलोच्या आसपास. समोर उभी होती नवी होंडा सिटी: दीड लिटर इंजिन, ११८ पीएस आणि अंगाने हलकी. म्हणजे पैलवानाच्या शरीराला शाळकरी पोराचं काळीज. सिग्नल सुटला की सिटी पुढं आणि लिनिया दुसऱ्या गिअरमध्ये ओरडतेय. डिझेलची गोष्ट बरी होती, तिच्यात १.३ मल्टिजेट होतं. त्याच्याकडे पुन्हा येणार आहे, कारण या गोष्टीतला सगळ्यात मोठा विनोद तिथंच आहे.

फियाटला हे कळत नव्हतं असं नाही. २०१० च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी लिनिया टी-जेट आणली. तेच १३६८ सीसी, पण आता टर्बो बसवलेला. ताकद ११४ पीएस, टॉर्क २०७ एनएम, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि १६ इंची अलॉय. त्या काळात या किमतीच्या पट्ट्यात टर्बो पेट्रोल सेडान म्हणजे नवलाई होती. आज प्रत्येक गाडीवर ‘टर्बो’ लिहिलेलं असतं, तेव्हा आपल्याकडं टर्बो म्हटलं की डिझेलच डोळ्यापुढं यायचं.

आता इथं थोडं थांबू, कारण टी-जेट नेमकी कुठं अडली ते या दोन आकड्यांत लपलंय.

शोरूममध्ये गिऱ्हाईक काय बघतं? ब्रोशरचं शेवटचं पान. तिथं लिहिलेलं: टी-जेट ११४, सिटी ११८. विषय संपला! ‘टर्बो असून चार पीएस कमीच?’ असं म्हणून माणूस उठणार. पण टॉर्क बघा. सिटीचा १४६ एनएम, तोही इंजिन ४८०० फेऱ्यांपर्यंत पिळल्यावर. टी-जेटचा २०७, आणि तो २२०० फेऱ्यांच्या आसपासच हातात येतो.

याचा अर्थ आमच्या भागात समजावून सांगणं सोपं आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या ज्या ट्रॅक्टरवर निघतात, तो ट्रॅक्टर पन्नासेक हॉर्सपॉवरचा असतो. होंडा सिटीच्या निम्म्याहून कमी. तरी तो उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढतो आणि सिटी ओढू शकत नाही. कारण त्याचं इंजिन कमी फेऱ्यांवर भरपूर टॉर्क देतं. (गिअरचाही त्यात मोठा वाटा असतो. मेकॅनिकलवाल्यांनो, माहितीये मला, मी कॉम्प्युटरचा असलो तरी.) आता बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढताय असं समजा. गाडीत पाच माणसं, एसी चालू, पुढं डबल ट्रॉली. ओव्हरटेकला जागा मिळाली ती जेमतेम. सिटीत अशा वेळी दोन गिअर खाली टाकून इंजिन ओरडू द्यावं लागतं. टी-जेट तिसऱ्यातच राहते, पाय दिला की क्षणभर विचार करते आणि मग सरळ उचलते. आपल्या भाषेत ‘पिकअप’ म्हणतात तो हा. ब्रोशरच्या पानावर पिकअपचा रकाना नसतो.

मला वाटतं, पहिली चूक विकण्यातली होती. गाडी ज्या गुणासाठी घ्यायची तो गुण ट्रायल घेतल्याशिवाय कळत नव्हता, आणि ट्रायल घ्यायला माणूस मुळात शोरूममध्ये यायला हवा.

त्या शोरूमचीही एक गंमत आहे. फियाटची स्वतःची शोरूम जवळजवळ नव्हतीच. २००६ साली झालेल्या करारानुसार फियाटच्या गाड्या टाटाच्या डीलरकडे विकल्या जायच्या. कागदावर हे छान दिसतं: टाटाचं जाळं देशभर पसरलेलं, फियाटला आयतं मिळालं. पण २००९ च्या ऑक्टोबरमध्ये टाटांनी इंडिगो मान्झा आणली. तीही सेडान, तीही रांजणगावातच बनणारी, डिझेलमध्ये इंजिनही फियाटचंच, फक्त नाव बदलून ‘क्वाड्राजेट’ केलेलं. आणि किंमत लिनियापेक्षा बरीच कमी. आता तुम्ही सेल्समन आहात. महिन्याचं टार्गेट टाटाचं आहे. समोर बसलेल्या काकांना तुम्ही कुठली गाडी दाखवाल? त्या सेल्समनला मी दोष देणार नाही. ज्या घरात सख्खा मुलगा लग्नाचा आहे, तिथं भाड्याने राहणाऱ्याचं स्थळ कोण आधी बघेल!

आता मल्टिजेट. फियाटचं हे १.३ लिटरचं डिझेल इंजिन भारतात एवढ्या गाड्यांत बसलं की लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायला लागले. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मान्झा… यादी लांब आहे. मारुती ते परवान्यावर स्वतः बनवायची. तरी मागणी पुरेना म्हणून २०१२ च्या जानेवारीत मारुतीने फियाटशीच करार केला: तीन वर्षं, वर्षाला एक लाखापर्यंत डिझेल इंजिनं. तीही रांजणगावातून. म्हणजे रांजणगावच्या एकाच गेटमधून फियाटची इंजिनं ट्रक भरभरून बाहेर पडत होती आणि फियाटच्या गाड्या मात्र मोजक्याच.

यावरून आमच्या घरातला एक किस्सा सांगतो. २०२१ ला आमच्या अण्णांना, म्हणजे चुलत्यांना, जुनी गाडी घ्यायची होती. पुण्यात मला २०११ ची टी-जेट सापडली. लाल रंग, एकच मालक, किंमत ऐकून हसू येईल इतकी कमी. मी फोटो पाठवले, टॉर्कचे आकडे पाठवले, आत्ता तुम्हाला ऐकवलं तेच ट्रॅक्टरचं भाषण अण्णांना फोनवर ऐकवलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मिस्त्रीला विचार.”

आमच्याकडं गाडी घेताना शेवटचा शब्द मिस्त्रीचा असतो. तुमच्याकडंही असेल. मिस्त्रींनी फोटो नीट बघितले आणि म्हणाले, “गाडीत खोट न्हाई, इंजिनियर. पण हिचा एखादा सेन्सर गेला तर मी पुण्याला फोन लावणार, पुण्यावाला मुंबईला लावणार. तवर तुमचे अण्णा एसटीनं फिरतील.”

अण्णांनी डिझायर घेतली. डिझेल. मी बॉनेट उघडून दाखवलं, “अण्णा, हे इंजिन फियाटचंच आहे बघा.” ते म्हणाले, “असू दे की. मिस्त्रीला येतंय ना?” मिस्त्रींना ते इंजिन तोंडपाठ आहे, डोळे झाकून खोलतील. तेच इंजिन, त्याच डोक्यांनी बनवलेलं, मारुतीच्या बॅजखाली आलं की भरवशाचं आणि फियाटच्या बॅजखाली आलं की ‘नको रे बाबा’. माझ्या मते टी-जेटची अर्धी गोष्ट या एका वाक्यात आहे. लोक इंजिनाला घाबरत नव्हते.

मग ही भीती आली कुठून? ती लिनियापेक्षा जुनी होती. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९५० च्या दशकापासून फियाट बनत होती. पुढं तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली आणि तिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या रस्त्यावर होती. तोवर फियाट म्हणजे भरवसाच होता, तिचा पाना न लावलेला मिस्त्री सापडायचा नाही. बिनसलं नव्वदच्या दशकात. १९९६ च्या उनोला बुकिंग प्रचंड झालं, पण कारखान्यात कामगारांचा वाद पेटला आणि गाड्या लोकांच्या हाती वेळेवर पडल्या नाहीत. २००१ ला पॅलिओ आली, सचिन तेंडुलकर जाहिरातीत. सुरुवात धडाक्यात झाली. तिची १.६ लिटरची आवृत्ती तर त्या काळात वेडी पळायची. पण ‘फियाट पेट्रोल पिते’ ही गोष्ट चहाच्या टपरीपर्यंत पोचली आणि तिथून ती परत आली नाही. आपल्याकडे ॲव्हरेजची बदनामी पुसायला दहा वर्षं लागतात. आणि अशा नावाच्या गाडीत तुम्ही टर्बो टाकून सांगताय, ‘आता ही आणखी पळते!’ ऐकणारा मनात काय म्हणणार? ‘म्हणजे आणखी पिणार.’

तरी फियाटला पळणारी आवृत्ती हाच उपाय का सुचला असेल, याला इटलीतला इतिहास आहे. कार्लो आबार्थ नावाचा व्हिएन्नात जन्मलेला माणूस. त्याने १९४९ ला इटलीत स्वतःची कंपनी काढली. रास वृश्चिक, म्हणून चिन्ह विंचू. साध्यासुध्या फियाट गाड्या घ्यायच्या आणि त्यांना पळायला शिकवायचं हा त्याचा धंदा. १९७१ ला फियाटने कंपनी विकत घेतली. मग त्यांच्या १३१ नावाच्या सेडानवर आबार्थवाल्यांनी हात फिरवला. ही १३१ म्हणजे बँकेतल्या कारकुनाने घ्यावी अशी चौकोनी, घरगुती गाडी. तिच्या रॅली आवृत्तीने १९७७, १९७८ आणि १९८० अशी तीन वर्षं कंपन्यांची जागतिक रॅली स्पर्धा जिंकली. शेजारच्या माणसाकडे जी गाडी आहे तीच चिखलातून, बर्फातून जिंकतेय हे लोक बघत होते. फियाटच्या घरात ही आठवण होती. पण १३१ ला जमलं त्यामागे एक गोष्ट होती: इटलीत गल्लोगल्ली फियाटचा मिस्त्री होता.

परत रांजणगावला येऊ. २०१२ च्या मे महिन्यात फियाट आणि टाटांनी जाहीर केलं की विक्री आता वेगळी. कारखाना एकत्रच राहिला. फियाटने स्वतःची शोरूम उघडायला सुरुवात केली. या सगळ्या गडबडीत टी-जेट यादीतून गायब झाली होती, ती २०१३ मध्ये परत आणली. हा दुसरा प्रयत्न. २०१४ ला लिनियाचा चेहरामोहरा बदलला. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आबार्थ पुंटो आली: तेच १३६८ सीसी टी-जेट इंजिन, आता १४५ पीएस, दिल्लीत शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. दहा लाखांच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं. गाडीवेडे लोक नाचले.

आणि सेडान? तिला विंचू कधी चावलाच नाही. आबार्थचा बॅज आणि १४५ पीएस हॅचबॅकला मिळाले. लिनियाला २०१६ च्या जुलैमध्ये १२५ पीएसवर भागवलं आणि नाव ठेवलं ‘१२५ एस’. हा तिसरा प्रयत्न. किंमत मात्र ७ लाख ८२ हजारांपासून, म्हणजे पैशाच्या मानाने फार चांगला सौदा. ऑटोमॅटिक तेव्हाही नव्हतं. लिनियाला भारतात ते कधीच मिळालं नाही, आणि तोवर शहरातला सेडानवाला क्लच दाबून दाबून वैतागला होता.

एकाच इंजिनाची ही चढती कमान बघा: ९०, ११४, १२५, १४५. अभियांत्रिकी म्हणून मला हे फार आवडतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जुना कोड फेकून नवा लिहायला उतावीळ असतो. इथं त्याच १३६८ सीसीतून दर वेळी थोडं जास्त काढलंय. घोडे वाढत गेले, गिऱ्हाईक कमी होत गेलं. २०१९ पर्यंत लिनिया आणि पुंटो दोन्ही बंद झाल्या होत्या. बीएस-६ चे नियम समोर होते आणि इतक्या कमी विक्रीवर नवा खर्च करण्यात अर्थ उरला नव्हता.

फियाटच्या हातात नसलेल्या दोन गोष्टीही सांगायला हव्यात, नाहीतर अन्याय होईल. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना एक्साइज २४ वरून १६ टक्क्यांवर आणली. झालं, कंपन्यांनी सेडानची शेपटी कापायला घेतली. २०१२ ला डिझायर चार मीटरच्या आत आली ती त्यासाठीच. लिनिया पडली ४५६० मिलिमीटरची, ती काय कापणार! दुसरं म्हणजे एसयूव्ही. २०१२ ला डस्टर, २०१३ ला इकोस्पोर्ट, २०१५ ला क्रेटा. सेडान घेणारं गिऱ्हाईकच उठून शेजारच्या दुकानात गेलं. आमच्या नेकनूरच्या रस्त्याला कुणी उंच गाडी घेतली तर मी त्याला तरी काय म्हणणार.

मग पळणारी सेडान हा प्रकारच आपल्याकडं चालत नाही का? तसं नाही. तीन उदाहरणं आपल्याच घरातली आहेत.

टाटांची टिगोर जेटीपी, २०१८. कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हबरोबर टाटांनी निम्म्या भागीदारीत कंपनी काढली आणि टिगोरमध्ये १.२ लिटरचं टर्बो बसवलं. ११४ पीएस, साडेसात लाखांच्या आत. चार मीटरच्या आतली, म्हणजे कर कमी. सस्पेन्शनवर मेहनत घेतलेली. तरी दीड-दोन वर्षांत, बीएस-६ आलं तेव्हा बंद. मला वाटतं, टिगोर घेणारा आणि जेटीपी घेणारा ही दोन वेगळी माणसं होती आणि ती एकाच घरात राहत नव्हती.

दुसरं छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याचं, म्हणजे आपल्या मराठवाड्यातलंच. स्कोडा ऑक्टाव्हिया तिथं २००१ पासून. २००४ ला तिची आरएस आवृत्ती आली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस. आजही जुन्या बाजारात तिला मान आहे. पण लक्षात घ्या, ऑक्टाव्हिया तेव्हा अडचणीत नव्हतीच, जोरात चालली होती. आरएस तिच्यावरचा तुरा होता. पुढंही स्कोडाने आरएस मोजूनच दिली. २०२० ला तर फक्त २०० गाड्या, त्याही थेट बाहेरून आणलेल्या. मोजून दिल्या की संपतात, आणि संपल्या की नाव होतं.

तिसरं चाकणचं, आणि माझ्या मते हेच खरं उत्तर. फोक्सवॅगनची व्हेंटो २०१० ला आली आणि शेवटी शेवटी थकली होती. तिच्या जागी २०२२ च्या जूनमध्ये व्हर्टस आली. पहिल्याच दिवशी दोन रांगा: एक साधी, एक ‘परफॉर्मन्स’. साध्या गाडीत १ लिटर टर्बो, ११५ पीएस. जीटीत १.५ लिटर टर्बो, १५० पीएस, २५० एनएम. सेडानचे दिवस गेले असं सगळे म्हणत असताना व्हर्टस २०२४-२५ मध्ये कित्येक महिने मध्यम सेडानमध्ये पहिली राहिली.

फरक कुठं पडला? व्हर्टसची साधी गाडी अशक्त नव्हती. जीटी घेणारा हौसेने घेत होता. लिनियाची टी-जेट आली ती साध्या गाडीचं दुखणं झाकायला, आणि गिऱ्हाईकाला ते वास घेतल्यासारखं कळतं. शिवाय व्हर्टसचं १.५ लिटर इंजिन तिच्या एकटीसाठी नव्हतं. टायगुन, कुशाक आणि स्लाव्हियातही तेच. त्यामुळे खर्च चार गाड्यांत वाटला गेला, आणि सुटे भाग ठेवणाऱ्याला ते ठेवणं परवडलं. टी-जेटचे भाग कुठला दुकानदार ठेवणार होता, वर्षातून दोन गिऱ्हाईकं येणार म्हणून?

मी फियाटच्या त्या खुर्चीत असतो तर काय केलं असतं? बोलायला सोपं आहे, पण बोलतो. ९० पीएसचं पेट्रोल लिनियात टाकलंच नसतं. पहिल्या दिवसापासून पेट्रोल म्हणजे टर्बोच. थोडी महाग पडली असती, पण ‘दमदार गाडी’ हे नाव २००९ मध्येच पडलं असतं. दुसरं, मल्टिजेटची ओळख वापरली असती. ज्या मिस्त्रीला डिझायर खोलता येते त्याला अर्धी लिनिया आधीच येत होती. त्या मिस्त्र्यांना बोलावून टी-जेटचं चार दिवसांचं ट्रेनिंग द्यायचं, तालुक्याला सुट्या भागांचं एक कपाट ठेवायचं. जाहिरातीपेक्षा हे स्वस्त पडलं असतं. आणि आबार्थचा विंचू पुंटोबरोबर लिनियालाही लावला असता. पाचशे गाड्या, नंबर टाकलेल्या. फियाटवाले म्हणतील, पैसे कुठून आणायचे? ते खरंय. विक्री नाही म्हणून पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत म्हणून विक्री नाही.

रांजणगावचं पुढं काय झालं ते सांगतो, कारण सुरुवातीला हप्त्याचं बोललो होतो. लिनिया गेली पण गेट बंद झालं नाही. २०१७ च्या जूनपासून तिथं जीप कंपास बनायला लागली. पेट्रोल कंपासमधलं इंजिन १.४ लिटर मल्टिएअर टर्बो. सीसी किती? १३६८. त्याच फायर घराण्यातलं, आता १६२ पीएस. म्हणजे टी-जेटचा धाकटा भाऊ उंच गाडीत बसून आला, आणि या वेळी लोकांनी बॅज बघून रांग लावली. टाटाची नेक्सॉनही याच आवारात बनते. माझ्या वर्गातला एक जण त्या पट्ट्यातल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. त्याला लिनियाचं विचारलं तर म्हणाला, “कुठली गाडी हाय ते आम्ही बघत न्हाई. लाईन चालू पायजे.”

लाल टी-जेट नंतर कुणीतरी घेतली. पुण्यात आणि मुंबईत टी-जेटवाल्यांचे छोटे छोटे गट आहेत. एकमेकांना सेन्सर, क्लच प्लेट, बंपर शोधून देतात, कोणता मिस्त्री ही गाडी जाणतो त्याचे नंबर फिरवतात. कंपनीने जे जाळं विणायला हवं होतं ते आता गाडीवाल्यांनीच विणलंय. तुमच्यापैकी कुणाकडे टी-जेट किंवा १२५ एस असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरतानाचा. घाट असेल तर उत्तम. पुढच्या भागात कुर्ल्याची प्रीमियर ११८ एनई: फियाटचं अंग, निसानचं इंजिन, १९८५ साल. तोवर भेटू.